पाठीवरची खवल्यांची रांग

श्रावणातली रात्र होती, साडेनऊ वाजून गेले होते. कळमनुरी तालुक्यातल्या आखाड्यावरून मावसभावाचा फोटो आला. आमच्या भागात शेतातल्या वस्तीला आखाडा म्हणतात. फोटोखाली लिहिलं होतं, "दादा, लई दुर्मिळ साप निघालाय. कोणता हाय बघा बरं." फोटोत बॅटरीचा पांढराफटक झोत, पत्र्याच्या शेडचा कोपरा, हळदीच्या बेण्याची दोन पोती आणि मधोमध एक हललेली काळपट रेघ. रेघेवर पांढुरके आडवे पट्टे. मी जेवत होतो. डाव्या हाताने फोटो मोठा केला, तर तो आणखीच फाटला. रात्रीची वेळ, अंगावर पट्टे, माणसांच्या वस्तीत आलेला साप. मी लिहिलं, "मण्यार असू शकते. जपा."

चार मिनिटांनी दुसरा फोटो आला. हा अगदी स्पष्ट होता, कारण आता साप हलत नव्हता.

सकाळी मुद्दाम गेलो. साप उकिरड्यावर टाकला होता, मुंग्या लागल्या होत्या. डोकं काठीखाली चेचलेलं, त्यामुळे तिथून काही कळायचा प्रश्नच नव्हता. तुराटीच्या काडीने शेपूट उलटी केली. शेपटीच्या खालच्या बाजूला खवले दोन ओळींत होते, वेणी घातल्यासारखे एकाआड एक बसलेले. मण्यारीचे तिथले खवले अख्खे असतात, एकाच ओळीत, शिडीच्या पायऱ्यांसारखे. हा कवड्या होता. पाली खाणारा, भिंतीवर सहज चढणारा, महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या घरात सापडेल असा बिनविषारी साप. दुर्मिळही नाही आणि विषारीही नाही. त्याला माझ्या चार शब्दांच्या निरोपाने मारलं.

ही कबुली आधी देतो, कारण पुढे ज्या सापाबद्दल लिहायचं आहे तोही असाच मरतो. मण्यार म्हणून, नाहीतर मांजऱ्या साप म्हणून, नाहीतर नुसताच साप म्हणून. त्याचं नाव अंडीखाऊ.

अंडीखाऊची शास्त्रीय नोंद १८६३ सालची. रंगपूर, म्हणजे आताच्या बांगलादेशातलं गाव, तिथला एक नमुना कोपनहेगनला पोचला आणि योहानेस राइनहार्ट या डॅनिश प्राणिशास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं. नाव ठेवलं 'इलॅकिस्टोडॉन वेस्टरमनी'. वेस्टरमन हे ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयाचे संस्थापक. आपल्या मातीतल्या प्राण्याला कुठल्या कुठल्या परक्या माणसाचं नाव चिकटतं त्याची गंमतच आहे, पण नावातला पहिला शब्द मोठा नेमका आहे. त्याचा अर्थ होतो, अगदी कमी दात असलेला.

त्यानंतर उत्तर बंगाल, बिहारमधलं पूर्णिया, नेपाळची तराई अशा पट्ट्यात हा साप अधूनमधून सापडला. तोही इतक्या कमी वेळा की नमुने बोटांवर मोजता यावेत. सापांच्या पुस्तकांत त्याच्यापुढे 'अत्यंत दुर्मिळ' हा शिक्का पिढ्यान्‌पिढ्या छापला गेला. काहींना तर तो संपलाच असावा असं वाटू लागलं होतं.

मग तो सापडला वर्ध्यात.

हिमालयाच्या पायथ्याच्या ओल्या गवताळ प्रदेशातला समजला जाणारा साप विदर्भाच्या काळ्या मातीत आणि कपाशीच्या मुलखात! वर्ध्याचे पराग दांडगे, सर्पतज्ज्ञ अशोक कॅप्टन आणि फ्रँक टिलॅक व आंद्रेआस गुंप्रेख्त हे दोन जर्मन अभ्यासक यांनी २००५ साली महाराष्ट्रातली ही पहिली नोंद शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. २००७ साली अमरावती जिल्ह्यातल्या सापांवर नांदे आणि देशमुख यांचा निबंध आला, त्यातही अंडीखाऊ होता. पुढे गुजरातेत सापडला, तेलंगणात सापडला. २०१६ साली दांडगे आणि आशिष टिपले यांनी त्याच्या सवयी, नव्या जागा आणि त्याला असलेले धोके यांवर स्वतंत्र लेख लिहिला.

म्हणजे मधल्या काळात साप वाढले का? तसं मानायला काही आधार नाही. बघणारे वाढले. गावोगावी साप न मारता पकडून सोडणारी मुलं तयार झाली, त्यांच्या हातात आधी साधे कॅमेरे आणि नंतर कॅमेऱ्याचे मोबाइल आले. शिवाय २००४ साली रोम्युलस व्हिटेकर आणि अशोक कॅप्टन यांचं भारतीय सापांवरचं क्षेत्रमार्गदर्शक पुस्तक आलं. त्यात रंगावर भिस्त न ठेवता खवले कसे मोजायचे ते प्रत्येक सापापुढे दिलेलं आहे. दुर्मिळ हा शब्द आपण सापाला लावतो खरा. अंडीखाऊच्या बाबतीत तो पुष्कळसा आपल्या नजरेला लागू होता.

आता नकाशा बघा. वर्धा, अमरावती, त्यांच्या खाली यवतमाळ आणि वाशीम, मग पैनगंगा, आणि पैनगंगेच्या अलीकडे आपला हिंगोली जिल्हा. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला. तीच काळी माती, तोच बेसाल्टचा खडक, त्याच बोरी-बाभळी आणि पळसाची रानं. औंढ्याच्या डोंगरात सागवान, खाली कयाधूच्या खोऱ्यात हळद आणि सोयाबीन. जुन्या विहिरीवर वाकलेली बाभूळ आणि तिच्या फांद्यांना लटकलेले सुगरणीचे खोपे हे दृश्य सेनगावपासून वसमतपर्यंत कुठेही दिसतं. अंडीखाऊला लागणारं घर हे असंच असतं.

हा साप दिसतो कसा, ते नीट सांगायला हवं. लांबी साधारण अडीच-तीन फूट, अंग सडपातळ. रंग गडद तपकिरी ते काळा, त्यावर मळकट पांढरे बारीक ठिपके. मानेपासून शेपटीच्या टोकापर्यंत पाठीच्या मधोमध एक पिवळसर-पांढरा पट्टा सरळ गेलेला असतो, कुणी खडूने ओढावा तसा. डोक्यावर बाणाच्या टोकासारखी गडद खूण. डोळ्याची बाहुली मांजरासारखी उभी, म्हणजे रात्री फिरणारा प्राणी. आणि नाकपुडीजवळच्या खवल्यात एक खळगा, तो मात्र अगदी जवळून काढलेल्या फोटोतच दिसतो.

खरी गंमत पाठीवर आहे. कण्यावरून जाणारी खवल्यांची मधली रांग शेजारच्या रांगांपेक्षा मोठ्या आणि षटकोनी खवल्यांची असते. सापांची थोडी माहिती असलेल्या माणसाला इथे धोक्याची घंटा ऐकू येईल, कारण आपण सगळे हेच शिकलो आहोत की पाठीवर मोठे षटकोनी खवले म्हणजे मण्यार. शाळेतल्या तक्त्यावर हेच लिहिलेलं असतं, प्रशिक्षणात हेच सांगतात आणि मण्यारीपुरतं ते खरंच आहे. पण तीच रांग अंडीखाऊलाही आहे, मांजऱ्यालाही आहे. अर्धवट माहिती असलेला माणूस अंडीखाऊ पाहील तर घाबरणार तोच जास्त. अडाण्यापेक्षा जाणता जास्त चुकेल असा हा साप आहे. त्या रात्री जेवता जेवता मी जे केलं ते याच जातीचं होतं. एक खूण धरली आणि बाकीच्या सोडल्या.

मण्यारीचे पट्टे आडवे, बारीक आणि बहुतेक वेळा जोडीजोडीने असतात. ते मानेपासून बरंच मागे सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचं उलटं. त्याचे पट्टे मानेजवळ रुंद व ठसठशीत आणि शेपटीकडे विरत गेलेले. अंडीखाऊला आडवे पट्टे नाहीतच, पाठीवरून उभा एकच. मांजऱ्याचं अंग मातकट आणि पाठीवर नागमोडी नक्षी, डोकं मात्र मानेपेक्षा चांगलंच रुंद. एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मे घोटाळे मिटतील.

अंडं गिळणं सोपं आहे, फोडणं अवघड. बाकीचे साप अंडी खात नाहीत असं नाही. नागाने कोंबडीची अंडी गट्ट केल्याच्या तक्रारी प्रत्येक गावात आहेत. पण ते अंडं अख्खं पोटात जातं आणि जठररसाने हळूहळू विरघळतं. अंडीखाऊने वेगळीच युक्ती काढली आहे. त्याच्या मानेमागच्या काही मणक्यांना खालच्या बाजूने काटे आहेत, आणि ते काटे अन्ननलिकेच्या आत डोकावतात. साप अंड्यावर तोंड चढवतो. दात जवळजवळ नसल्यामुळे गुळगुळीत कवचावर काही अडकत नाही. ओठ आणि जबड्याची कातडी ताणली जाते आणि अंडं घशात उतरतं. मग तो मान वाकवून स्नायू आवळतो. वरून मणक्यांचे काटे कवचात रुततात आणि अंडं आतल्या आत फुटतं. बलक पुढे सरकतो. आपण नारळ दगडावर फोडतो, याने दगड पाठीच्या कण्यातच बसवून घेतला आहे.

जगात केवळ अंड्यांवर जगणारे असे साप फार थोडे. आफ्रिकेत 'डॅसिपेल्टिस' नावाचं एक कुळ आहे, त्यात अनेक जाती. तिथला साप अंडं फोडून बलक गिळतो आणि चुरगळलेलं कवच चपट्या पुडीसारखं तोंडावाटे बाहेर टाकतो. अंडं ताजं आहे की आत पिल्लू धरलं आहे, हेही तो जिभेने आधी चाचपतो. भारतात अंड्यांवर जगणारा असा एकच, तो अंडीखाऊ. मणक्यांचे काटे दोघांनाही आहेत, त्यामुळे दोघे जवळचे नातेवाईक असावेत असा कुणाचाही समज होईल. पण २०१८ साली हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या अभ्यासकांनी डीएनए तपासला तेव्हा वेगळीच वंशावळ निघाली. भारतीय अंडीखाऊ हा मांजऱ्याच्या घराण्यातला! आता त्याचं शास्त्रीय नावही बदलून 'बोइगा वेस्टरमनी' झालं आहे. बोइगा म्हणजे मांजऱ्यांचं कुळ. आफ्रिकेत एकाने आणि भारतात दुसऱ्याने, एकमेकांना न विचारता, अंडं फोडायची तीच युक्ती स्वतंत्रपणे शोधली. उभी बाहुली आणि पाठीवरची षटकोनी खवल्यांची रांग हा मांजऱ्याच्या घरचा वारसा आहे. 

असा साप माणसाला काय करणार? चावायला दात नाहीत म्हणावेत इतके कमी. मग डिवचल्यावर त्याच्याकडे एकच उपाय उरतो, सोंग. तो अंग आखडून पुढचा भाग वळ्यावळ्यांनी उचलतो आणि झेप घेतल्यासारखं करतो. बघणाऱ्याला वाटतं आता हा डसणार. नेमक्या याच सोंगापायी त्याच्या पाठीत काठी बसते.

त्याची आणखी एक अडचण आहे. पाखरांची अंडी बारा महिने मिळत नाहीत. सुगरण, मुनिया यांसारखे लहान पक्षी पावसाळ्याच्या सुमारास घरटी बांधतात. तेवढ्या काळात मिळेल ते खाऊन उरलेलं वर्ष काढायचं. बांधावरची बाभूळ तुटली, विहिरीवरचं झुडूप साफ झालं की पाखरांचे खोपे गेले, आणि खोप्यांबरोबर याचं वर्षाचं धान्य गेलं. आमच्याकडे बांध कोरून कोरून नांगराच्या एका तासाएवढा अरुंद करण्याची चढाओढ असते. त्यात भावाभावांची भांडणं होतात, कोर्टकचेऱ्या होतात. या सापाचं नाव त्या कज्ज्यात कुठेच नसतं.

औंढा नागनाथ आमच्याच जिल्ह्यातलं ज्योतिर्लिंग. देवाच्या नावातच नाग. नागपंचमीला पाटावर काढायचा तो नाग, देवळाबाहेरच्या शिळेवर कोरलेला तोही नाग, आणि दोन्हीकडे फणा उभारलेला. भारतात सापांच्या तीनशेहून जास्त जाती आहेत, पण आपल्या दगडात आणि चित्रात बहुधा एकच येतो. बाकीच्यांची ओळख करून घ्यायची राहूनच गेली. फणा असला की नाग, पट्टे असले की मण्यार, दोन्ही नसेल तर 'साप हाय, मारा'. आमचा हिशेब इथे संपतो.

भीती मात्र खोटी नाही, हेही सांगायला हवं. मावसभावाला दोष देणं मला जमत नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं मेली असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात मांडला आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यात सर्वांत जास्त मरणारे खेड्यातले, शेतात राबणारे. मण्यारीचा दंश तर पुष्कळदा दुखतही नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते आणि पहाटे पोटात कळ, डोळ्यांच्या पापण्या जड, तेव्हा कळतं. शेडमध्ये पोत्यांवर सालगडी झोपणार होता. त्या जागी मी असतो तर काठी उचलली नसती, असं छातीठोकपणे म्हणवत नाही. माझी तक्रार स्वतःबद्दल आहे. मला विचारलं होतं, आणि मी न बघता सांगितलं.

'दुर्मिळ' या शब्दाने सापाचं भलं होतं असंही नाही. मांडुळाचं उदाहरण घ्या. दोन्हीकडे सारखं दिसणारं, मातीत राहणारं, कुणाला न चावणारं हे जनावर. गुप्तधन दाखवतं, औषधाला लागतं अशा थापांवर त्याची लाखा-लाखांत बोली लागते, आणि मांडूळ विकायला निघालेल्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या महाराष्ट्राच्या जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यातून येतात. ज्याला कुणी हिंग लावून विचारलं नसतं, त्या सापाला दुर्मिळ म्हटल्याबरोबर किंमत चिकटली. म्हणून कुठल्याही सापाच्या फोटोवर ती तीन अक्षरं लिहिताना माझा हात आता थांबतो.

फोटोने काय होऊ शकतं, याचं चांगलं उदाहरण हिमाचलातलं आहे. चंबा जिल्ह्यातल्या एका विद्यार्थ्याने २०२० साली आपल्या घराच्या परसात सापाचा फोटो काढला आणि इन्स्टाग्रामवर टाकला. बंगळूरच्या संशोधनसंस्थेत काम करणाऱ्या झीशान मिर्झा यांनी तो पाहिला आणि त्यांना खटकला. ओळखीच्या कुकरी सापांत तो नीट बसेना. पुढे प्रत्यक्ष नमुने मिळवून खवले मोजले, डीएनए तपासला, आणि डिसेंबर २०२१ मध्ये 'ओलिगोडॉन चुराहेन्सिस' ही नवीन जात जाहीर झाली. चुराह हे तिथल्या खोऱ्याचं नाव. फोटोने फक्त प्रश्न विचारला, उत्तर खवल्यांनी दिलं. पण प्रश्न विचारण्याजोगा फोटो त्या मुलाने काढला होता. माझ्याकडे आला होता तसला हललेला असता तर कुणाला काही खटकलं नसतं.

मग प्रश्न विचारण्याजोगा फोटो कसा काढायचा? आधी अंतर. पाच-सहा पावलं लांब राहा आणि झूम वापरा. उकिडवं बसू नका, उठायला वेळ लागतो. साप हलत असेल तर आधी दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ घ्या, त्यातून स्थिर चित्र काढता येतं. बॅटरीचा झोत समोरून मारला की चकचकीत खवल्यांवरून उजेड परत फिरतो आणि सगळं पांढरं होतं. दुसऱ्या कुणाला तरी बाजूने, थोड्या तिरक्या कोनात बॅटरी धरायला सांगा. तिरक्या उजेडात प्रत्येक खवल्याची कड सावलीने उठून दिसते. एक फोटो वरून, पूर्ण अंगाचा. त्यात पाठीवरची मधली रांग आणि पट्ट्यांची सुरुवात कुठून होते ते कळतं. एक डोक्याचा, बाजूने. डोळा, नाकपुडी आणि त्यांच्यामधले खवले यांवरून जाणकार निम्मी ओळख पटवतात. मण्यारीच्या डोळ्यासमोरचा एक छोटा खवला नसतोच, बऱ्याच बिनविषारी सापांना तो असतो. ही बारीकसारीक खूण झाली, पण तिच्यावर कधीकधी एखाद्या सापाचा जीव अवलंबून असतो.

पोटाकडची बाजू जिवंत सापाची दिसत नाही, आणि ती बघायला साप उचलायचा नाही. त्यासाठी कात आहे. कडब्याच्या गंजीत, विहिरीच्या कपारीत, घराच्या आढ्यावर सापडलेली कात म्हणजे सापाने आपल्या हाताने लिहून ठेवलेला कागद. तिच्यावर पाठीच्या खवल्यांच्या ओळी मोजता येतात, शेपटीखालचे खवले जोडीचे की अख्खे ते दिसतं, सगळं दिवसाउजेडी आणि निवांत. सापडेल तिथेच तिचे चार-पाच फोटो घ्यावेत. आपल्याकडे कात दिसली की बायाबापड्या दचकतात, पुरुष घर झाडून घेतात आणि कात चुलीत जाते. मला विचाराल तर घरात निघालेल्या सापापेक्षा त्याच्या कातीकडे बघणं शहाणपणाचं.

मेलेल्या सापालाही हाताने उचलू नये, विशेषतः डोक्याकडे. मेल्यावरही काही वेळ जबडा मिटतो आणि अशा डोक्याने माणसांना चावल्याच्या नोंदी आहेत. मी काडी वापरली ती त्यासाठी, किळस म्हणून नव्हे.

आता थोडं कडू. साप पकडून त्याचं डोकं दाबून धरणं, शेपटीला धरून लोंबकळत ठेवणं, बरणीत दोन-तीन दिवस ठेवून कॅमेरेवाल्यांची वाट बघणं, अंडीखाऊच्या समोर लाव्ह्याची अंडी मांडून तो 'खातानाचा' फोटो मिळवणं, हे सगळं चालतं, आणि त्याला निसर्गप्रेम म्हणतात. अंडीखाऊ हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची एकमध्ये आहे, म्हणजे कायद्याच्या लेखी वाघाच्या पंगतीला. आणि त्या कायद्यात शिकारीची व्याख्या फक्त मारण्यापुरती नाही. पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं आणि या सगळ्याचा प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. माणसाच्या जिवाला धोका असताना, परवानगी असलेल्या माणसाने साप हलवणं वेगळं. पण हवं तसं दृश्य मिळावं म्हणून आमिषाला अंडी ठेवणारा कॅमेरेवाला कायद्याने शिकारीच ठरतो. मला ही व्याख्या कडक वाटत नाही, योग्य वाटते. ज्याला वर्षातले थोडेच महिने खायला मिळतं, त्याला फोटोसाठी तीन दिवस बरणीत कोंडणं म्हणजे काय ते ज्याने दुष्काळ पाहिला आहे त्याला सांगावं लागू नये.

फोटो काढल्यावर तो टाकायचा कुठे, हाही प्रश्न आहे. व्हॉट्सॲपच्या गटात टाकला तर दोन दिवसांत त्याचा उगम हरवतो. तोच फोटो पुढच्या महिन्यात लातूरचा म्हणून फिरतो, त्याच्या पुढच्या महिन्यात केरळचा. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल अशा ठिकाणी टाकला तर तारीख, वेळ, जागा टिकते आणि ओळख पटवायला जाणकार मिळतात. आयनॅचरलिस्टवर धोक्यातल्या जातींची नेमकी जागा आपोआप झाकली जाते, म्हणजे मांडूळ हुडकणाऱ्याला तुमच्या बांधापर्यंतचा रस्ता मिळत नाही. गटात टाकायचाच असेल तर गावाचं नाव लिहू नका, तालुका पुरे. फोटोच्या आत मोबाइल जागेची नोंद दडवून ठेवतो, ती काढता येते. शाळेतल्या मुलांना विचारा, त्यांना माहीत असतं.

मावसभावाशी नंतर बोलणं झालं. कवड्या होता हे ऐकून तो म्हणाला, "मग लई वाईट झालं की दादा, त्यो तं पाली खातोय." दुसऱ्याच वाक्यात म्हणाला, "पण तुम्हीच म्हणला होतात." त्यावर मला उत्तर नव्हतं. आता त्याचा फोटो आला की मी आधी जेवण संपवतो किंवा ताट बाजूला ठेवतो, आणि लिहितो: लांब उभे राहा, माणसं आत न्या, बाजूने आणखी एक फोटो पाठवा. नाव नंतर. गेल्या पावसाळ्यात त्याने सात फोटो पाठवले. दोन नाग, दोन दिवड, एक तस्कर, एक नानेटी, आणि एक कवड्या. सातही साप चालत गेले.

वाचकहो, हळदीची लागण झाली की रानात माणसांचा वावर वाढतो आणि पावसाने बिळं भरली की सापांचाही. साप घरात किंवा गोठ्यात शिरला असेल तर वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. कुणाला चावला असेल तर साप शोधत बसू नका, फोटोच्याही मागे लागू नका. १०८ ला फोन करा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा. आणि यातलं काहीच नसेल, साप आपल्या वाटेने बांधावरून चालला असेल, तर पाच-सहा पावलं मागे सरून दोन फोटो घ्या, एक वरून आणि एक बाजूने. पाठीच्या मधोमध खडूने ओढल्यासारखी उभी रेघ दिसली, तर तो फोटो जपून ठेवा आणि जाणकाराला दाखवा.